पुण्यात पाणी किती अंशाला उकळतं?

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. बोलायला एक जण उभा आहे, पण म्हणणं चौघांचं आहे, म्हणून आज शेवटपर्यंत 'आम्ही' असंच म्हणणार आहोत. आमच्यातल्या तिघांनी शाळेत विज्ञान शिकवलं, चौथे प्रयोगशाळा सहायक होते. आता चौघंही निवृत्त. ज्या शाळा बोलावतात तिथे आम्ही जातो, प्रयोगशाळेचं कपाट उघडून बघतो, दुरुस्त होईल ते दुरुस्त करतो आणि मुलांबरोबर एखादा प्रयोग करतो. आपल्याकडे नाटकाचं परीक्षण होतं, पुस्तकाचं होतं, मैफलीचंही होतं. पण शाळेच्या प्रयोगवहीचं आणि त्या कपाटातल्या साहित्याचं परीक्षण सहसा कोणी करत नाही. आज तेच करायचं आहे.

सभागृहात येताना तुम्हाला एकेक चिठ्ठी दिली होती. प्रश्न एकच होता: पुण्यात पाणी किती अंश सेल्सिअसला उकळतं? चिठ्ठ्या इथे टेबलावर आहेत. जवळजवळ सगळ्यांवर शंभर लिहिलेलं आहे. एका चिठ्ठीवर 'गॅस मोठा की बारीक?' असा उलट प्रश्न आहे. (हशा) हसू नका, प्रश्न चांगला आहे. त्याच्याकडे येऊच.

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका उपनगरातल्या शाळेत आम्ही आठवीच्या वर्गात मागे बसलो होतो. शाळेचं नाव सांगणार नाही, कारण हे कुठल्याही शाळेत घडलं असतं. प्रयोग होता पाण्याचा उत्कलनबिंदू काढण्याचा. पाच गट केलेले. स्पिरिटचे दिवे, तिवया, तारेची जाळी, चंचुपात्रं, आणि उणे दहा ते एकशे दहा अंशांपर्यंत खुणा असलेले नेहमीचे लाल रेषेचे तापमापक. मुलं मन लावून काम करत होती. पाणी खळखळायला लागलं, लाल रेषा चढत चढत एका जागी थांबली. पाचही गटांनी ओरडून रीडिंग सांगितलं आणि आम्ही ते आमच्या कागदावर टिपून घेतलं: ९८, ९८, ९७, ९९, ९८.

तास संपला. वह्या टेबलावर आल्या. अडतीस वह्या होत्या. निरीक्षणाच्या रकान्यात अडतीसही ठिकाणी १०० लिहिलेलं.

एका मुलीच्या वहीत तो आकडा जिथे होता तिथे खोडरबरानं कागद इतका घासला गेला होता, की पलीकडची ओळ दिसत होती. नीट पाहिलं तर शंभराच्या खाली ९८ मधला आठ अजून शिल्लक होता. आम्ही तिला हळूच विचारलं, "हे का खोडलंस गं?" ती म्हणाली, "सर, आमचं चुकलं होतं." कोणी सांगितलं चुकलं म्हणून? "कोणी नाही. पण शंभरच येतं ना."

शिक्षकांशी बोललो. माणूस कष्टाळू होता, स्वतःच्या खिशातून स्पिरिट आणणारा. ते म्हणाले, "९८ लिहिलं तर वह्या तपासताना मार्क जातात. आणि मला विचारतात, तुमच्याकडचे तापमापक बिघडलेत का?" आम्ही त्यांना काय सुनावणार? आमच्यातल्या एकानं सत्तावीस वर्षं हेच केलं आहे. प्रयोग झाला की फळ्यावर 'बरोबर' रीडिंग लिहून द्यायचं, म्हणजे मुलांच्या वह्या एकसारख्या होतात आणि सही करायला सोपं जातं. तेव्हा आजच्या बोलण्यात आरोपीच्या पिंजऱ्यात आम्हीही आहोत, हे धरून चला.

आता मुद्दा असा, की त्या मुलीचं रीडिंग बरोबर होतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं. ढोबळमानानं दर तीनशे मीटरला एक अंश उतरतो. म्हणजे पुण्यात ९८, नाशकातही जवळपास तेवढंच, नागपूर तीनशे-सव्वातीनशे मीटरवर आहे म्हणून तिथे ९९, आणि महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या आसपास. शंभर कुठे येतं? मुंबईला, रत्नागिरीला, पणजीला. शंभर अंश ही कोकणातली गोष्ट आहे. घाट चढून देशावर आलात की ती खरी राहत नाही. महाराष्ट्राची निम्म्याहून बरीच जास्त शाळकरी मुलं घाटाच्या वर राहतात, आणि ती सगळी वहीत कोकणातलं पाणी उकळतात.

गॅसच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच देऊन टाकू. गॅस मोठा केला तर पाणी लवकर उकळतं आणि लवकर आटतं, पण उकळण्याचं तापमान वाढत नाही. ज्यांनी चिठ्ठीवर ते विचारलं त्यांनी मनात एक खराखुरा प्रयोग मांडला होता. बाकीच्या आपण सगळ्यांनी आठवणीतलं उत्तर लिहिलं.

कोणी म्हणेल, पण एकाचं ९७ आणि एकाचं ९९ कसं आलं? हाही योग्य प्रश्न. पुढच्या शनिवारी आम्ही त्याच शाळेत बर्फ घेऊन गेलो. बर्फ फोडून एका पातेल्यात घेतला, थोडं पाणी घातलं आणि पाचही तापमापक एकदम त्यात उभे केले. बर्फाच्या वितळण्यावर एवढ्याशा उंचीचा परिणाम होत नाही, त्यामुळे सगळ्यांनी शून्य दाखवायला हवं. ९७ दाखवणारा तापमापक उणे एकच्या जवळ थांबला. ९९ वाला शून्याच्या वर, एकच्या किंचित खाली. बाकीचे शून्यापाशी. म्हणजे तापमापकांच्या चुका वजा केल्या तर पाचही गटांचं उत्तर एकच येत होतं. त्या मुलीनं हे पाहिलं आणि विचारलं, "मग पुस्तकात खोटं आहे का?" पुस्तकात खोटं नव्हतं. तिथे 'सामान्य वातावरणीय दाबाला' असे तीन शब्द छापलेले होते. पण त्या तीन शब्दांपाशी थांबायला लावणारी एकही कृती प्रयोगवहीत नव्हती.

या प्रसंगापासून आम्ही कुठलंही प्रयोगसाहित्य हातात घेतलं की त्याला तीन प्रश्न विचारतो. एक: यातून अनपेक्षित उत्तर येऊ शकतं का, आणि आलं तर पुढे काय करायचं ते यात आहे का? दोन: हे फुटलं किंवा संपलं तर काय होतं? तीन: हे नक्की कोणाच्या हातात जातं, मुलाच्या की शिक्षकाच्या? याच तीन प्रश्नांनी आज चार गोष्टी तपासू. छापील प्रयोगवही, प्रयोगशाळेचं कपाट, टाकाऊ वस्तूंची खेळणी, आणि अलीकडे आलेल्या नव्या खोल्या व पडदे.

आधी प्रयोगवही. तिचा साचा आपल्या सगळ्यांना पाठ आहे: उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान. साच्याला आमचा विरोध नाही. साठ मुलांच्या वर्गात साचा नसेल तर शिक्षकाची धांदल उडते, आणि ज्या मुलाला लिहायला जड जातं त्याला तो आधारही असतो. आमची तक्रार वेगळी आहे. बाजारातल्या कित्येक छापील वह्यांमध्ये अनुमान आधीच छापलेलं असतं, मुलानं फक्त एखादा शब्द गाळलेल्या जागी भरायचा. आणि उद्देशाची सुरुवातच होते, 'सिद्ध करणे' या शब्दांनी. जे सिद्ध करायला बसलोय ते आधी ठरलेलं असेल, तर निरीक्षणाला काम काय उरलं?

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ताटलीतली मेणबत्ती. ताटलीत पाणी, मध्ये जळती मेणबत्ती, वरून पेला उपडा. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात चढतं. अनुमान छापलेलं: हवेतला ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली, पाणी एक पंचमांश चढलं, म्हणून हवेत एक पंचमांश ऑक्सिजन आहे. पिढ्यान्‌पिढ्या हे शिकवलं गेलं आहे. आम्हीही शिकवलं. निष्कर्षातला आकडा खरा आहे, हवेत ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या आसपास असतो. पण या प्रयोगातून तो निघत नाही.

का नाही, ते पाहू. बंद पेल्यातली मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपवून विझत नाही. प्रमाण साधारण १६ टक्क्यांवर आलं की ती विझते. म्हणजे शंभर भाग हवेतले पाचच भाग खर्च झाले. आता मेण जळलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो जागा व्यापतोच. मेणाच्या रासायनिक समीकरणावरून हिशोब केला तर पाच भाग ऑक्सिजनच्या जागी सव्वातीन भाग कार्बन डायऑक्साइड येतो, आणि वाफेचं पाणी होतं. निव्वळ घट झाली पावणेदोन भाग. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो हे खरं, पण इतक्या झटपट नाही. मग पाणी एवढं चढतं कशानं? पेला उपडा करताना ज्योतीनं आतली हवा तापलेली असते, फुगलेली असते. नीट बघितलं तर काही बुडबुडे कडेनं बाहेर पडतानाही दिसतात. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. पाणी चढण्याचं मुख्य कारण हे.

आणि यातलं काहीही आमच्या शब्दावर मानायची गरज नाही. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. पेला तोच, हवा तेवढीच, ऑक्सिजनही तेवढाच. पाणी जास्त चढतं. वर्गात हे केलं की मुलं स्वतःच म्हणतात, "तीन मेणबत्त्यांनी हवेतला ऑक्सिजन वाढवला काय?" तो क्षण फार मोलाचा असतो. पाणी मेणबत्ती जळताना चढतं की विझल्यावर, हे पाहायला सांगितलं तरी निम्मं काम होतं. पण वहीत तिसऱ्या मेणबत्तीला जागा नाही. साहित्य: मेणबत्ती एक.

ज्यांना खरोखर एक पंचमांश पाहायचा आहे त्यांच्यासाठी प्रयोग आहे, आणि तो स्वस्तही आहे. परीक्षानळी आतून ओली करायची, तिच्या भिंतींना लोखंडाचा कीस चिकटवायचा. चुंबकाच्या प्रयोगासाठी असतो तोच. मग नळी पाण्यात उपडी करून तीन-चार दिवस ठेवायची. लोखंड गंजतं, ऑक्सिजन लोखंडात अडकतो, वायुरूपानं परत येत नाही, तापवातापवी काही नाही. पाणी हळूहळू चढत एक पंचमांशाच्या जवळ जाऊन थांबतं. घरातली स्टीलची तारेची घासणी मात्र वापरू नका, ती गंजत नाही. आम्ही एकदा वापरून आठवडाभर वाट पाहिली आहे. (हशा) या प्रयोगाची अडचण एकच: तो पस्तीस मिनिटांच्या तासात बसत नाही.

लंबकाचंही असंच. एक मीटर लांबीचा लंबक, वीस आंदोलनं, साधारण चाळीस सेकंद. हातानं घड्याळ चालू-बंद करताना अर्धा सेकंद इकडेतिकडे होणारच. तेवढ्यानं गुरुत्वत्वरणाचं उत्तर साडेनऊपासून दहापर्यंत कुठेही येऊ शकतं. प्रामाणिकपणे केलेल्या वर्गात ९.५, ९.७, ९.९, १० असे आकडे विखुरलेले दिसायला हवेत. आणि वह्यांत काय दिसतं? सगळीकडे ९.८ किंवा ९.८१. त्यात गंमत अशी, की पुण्यातलं खरं मूल्य ९.७८ च्या आसपास आहे. विखुरलेले आकडे हे काम केल्याची खूण असते. वह्या तपासणाऱ्यांना आमचं सांगणं एवढंच, की सगळ्या वह्या जुळल्या तर समाधान मानू नका, शंका घ्या.

आता कपाट. हा भाग आमच्या चौथ्या सहकाऱ्यांचा. प्रयोगशाळा सहायक म्हणून त्यांच्याकडे किल्ली होती, आणि किल्लीबरोबर डेडस्टॉक रजिस्टर. ते म्हणतात, "माझी नोकरी मुलांना साहित्य देण्याची नव्हती, साहित्य सांभाळण्याची होती." प्रत्येक वस्तूला क्रमांक, तपासणीला ती वस्तू दाखवता आली पाहिजे, फुटली तर लेखी कारण, निर्लेखनासाठी परवानगी, आणि तोवर डोक्याला घोर. अशा व्यवस्थेत सगळ्यात हुशार माणूस तोच, जो काही फुटू देत नाही. आणि फुटू न देण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे बाहेर न काढणं. आम्ही कपाटं उघडली आहेत. तिथे वेष्टनासकट सूक्ष्मदर्शक सापडतात, ज्यांच्या भिंगांवर बुरशी चढली आहे. वापरून झिजलेला सूक्ष्मदर्शक क्वचित दिसला. न वापरून मेलेले पुष्कळ.

साहित्य महाग असतं म्हणून प्रयोग होत नाहीत, हे आपण नेहमी ऐकतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. ही अडचण आपल्यापुरती नाही आणि आजचीही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बेचिराख झालेल्या देशांतल्या विज्ञान शिक्षकांसाठी युनेस्कोनं १९४८ मध्ये एक छोटी पुस्तिका काढली. डबे, बाटल्या, तारा यांतून साहित्य कसं बनवायचं, हा तिचा विषय. ती इतकी उपयोगी पडली की तिच्यातूनच १९५६ चं विज्ञान अध्यापनाचं मोठं स्रोतपुस्तक तयार झालं आणि जगभर भाषांतरित झालं. म्हणजे स्वस्त साहित्य कसं करायचं, याचं उत्तर जगाकडे सत्तर वर्षांपासून छापील स्वरूपात आहे. मग अडतं कुठे?

याचं उत्तर शेजारच्या राज्यात मिळतं. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा माध्यमिक शाळांमध्ये एक कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्था त्यामागे होत्या. किशोर भारतीचे अनिल सद्‌गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं काम सोडून तिकडे गेलेले. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पसरला, १९८२ मध्ये तो पुढे नेण्यासाठी एकलव्य ही संस्था उभी राहिली. त्यांचं पुस्तक 'बाल वैज्ञानिक'. त्यात प्रयोग होते, प्रश्न होते, पण तयार उत्तरं छापलेली नव्हती. मुलं चारचारच्या टोळीत बसायची आणि साहित्य टोळीच्या हातात असायचं.

पण परीक्षक म्हणून आमचं लक्ष दुसरीकडे गेलं. या लोकांनी पेटीबरोबर तीन गोष्टी बदलल्या. शिक्षकांचं प्रशिक्षण आणि दर महिन्याच्या बैठका, जिथे 'माझ्या वर्गात हा प्रयोग फसला' असं उघड सांगता येत होतं. संपलेलं, फुटलेलं साहित्य भरून देण्याची सोय. आणि परीक्षा! परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा, शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा. पुस्तक उघडं असेल तर 'शंभर' पाठ करण्यात काही अर्थ उरत नाही. हा कार्यक्रम तीस वर्षं सरकारी शाळांत चालला आणि २००२ मध्ये राज्य सरकारनं तो बंद केला. त्या निर्णयावर वाद झाले, आज त्यात शिरत नाही. आमच्या कामाचा धडा असा, की पेटी टिकते ती तिच्याभोवतीच्या व्यवस्थेमुळे. नुसती पेटी शाळेत पोहोचवली तर ती कपाटात जाते, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे असते ते आत्ताच सांगितलं.

याच कार्यक्रमात १९७८ च्या सुमारास एक तरुण इंजिनिअर दाखल झाले, अरविंद गुप्ता. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे यांतून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घनाकृती उभ्या केल्या. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. इथे बसलेल्या अनेकांच्या मुलांनी तिथे हातानं काहीतरी बनवलं असेल. आमच्या पहिल्या भेटींमध्ये आम्हीही हीच खेळणी घेऊन जायचो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला हे साहित्य पूर्ण गुणांनी उतरतं. तुटलं तर दुसरं करा, आणि प्रत्येक मुलाच्या हातात एकेक. रजिस्टरची भीती नाही, कारण काडेपेटीला डेडस्टॉक नंबर नसतो.

तरीही एक टीका करायची आहे. ती त्या खेळण्यांवर नाही, ती आपण वापरतो त्या पद्धतीवर आहे. आमच्याच शिबिरांतला अनुभव सांगतो. स्ट्रॉची पिपाणी केली, सगळ्यांनी वाजवली, टाळ्या झाल्या, पुढचं खेळणं. एका तासात आठ खेळणी. मुलं खूष, आम्ही खूष. घरी जाताना आमच्यातले एक म्हणाले, "आज कोणी काही मोजलं का हो?" नव्हतं मोजलं. त्या पिपाणीला कात्री लावत लावत ती छोटी केली की स्वर चढत जातो. लांबी पट्टीनं मोजा, स्वर पेटीवर जुळवा, वहीत लिहा, आणि खेळण्याचा प्रयोग होतो. हे करायला आठ खेळण्यांचा तास पुरत नाही, एकच खेळणं घ्यावं लागतं. तेव्हापासून आम्ही एकच घेतो. टाळ्या कमी पडतात.

आता नव्या खोल्या. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून शाळांमध्ये आल्या. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग. योजनेतली एक गोष्ट आम्हाला मनापासून आवडली. वीस लाखांचं अनुदान जाहीर झालं तेव्हा त्यातले दहा लाख उभारणीला आणि दहा लाख पुढच्या पाच वर्षांच्या चालवण्याला, असं धरलेलं होतं. म्हणजे वस्तू संपतात, हे कोणीतरी कागदावर मान्य केलं. साध्या प्रयोगशाळेला हा न्याय का नाही? तिथलं स्पिरिट, लिटमस, आम्ल हे काय आपोआप भरतं?

पण आम्ही जिथे गेलो त्या काही शाळांमध्ये एका दारामागे प्रिंटर होता आणि शेजारच्या दारामागे गॅसची जोडणी कधीच तोडलेली जुनी प्रयोगशाळा. पाहुणे आले की पहिलं दार उघडतं. आणि जिथे बाहेरचा प्रशिक्षक येऊन तयार संच जोडून घेतो तिथे आमचा पहिला प्रश्न पुन्हा उभा राहतो. सूचनेप्रमाणे वायर लावली की दिवा लागतो. नाही लागला तर प्रशिक्षक येऊन लावून देतो. खरं शिक्षण त्या न लागलेल्या दिव्यात होतं, आणि तेच आपण घाईनं काढून घेतो.

पडद्यावरच्या प्रयोगांबद्दल थोडक्यात. कोविडच्या काळात त्यांनी मोठा आधार दिला, हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. जे डोळ्यांना दिसत नाही ते दाखवायला, धोक्याचं काम आधी समजून घ्यायला ते उत्तम. पण पडद्यावरचं पाणी तेवढ्यालाच उकळतं जेवढं आज्ञावली लिहिणाऱ्यानं सांगितलेलं असतं. त्यात शंभर भरलं असेल तर पुण्यातही शंभर, लेहमध्येही शंभर. खरं पाणी कोणाचं ऐकत नाही, आणि मुलांना ते खरं पाणीच भेटायला हवं.

मग आमची मागणी काय? मोठी नाही. प्रयोगवहीत छापील अनुमान काढून टाका आणि निरीक्षणाखाली एक रकाना द्या: 'अपेक्षेपेक्षा वेगळं काय आलं? का आलं असेल?' त्याला गुण ठेवा. आज महाराष्ट्रात बारावीला भौतिकशास्त्राचे शंभरातले तीस गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. त्यातले पाच जरी या रकान्याला मिळाले, तरी जुळवलेल्या रीडिंगचा भाव उतरेल. दुसरं, दरवर्षी काही साहित्य फुटणारच हे गृहीत धरून त्याची तरतूद करा, आणि ज्या शाळेत वर्षभरात एकही परीक्षानळी फुटली नाही तिला त्याबद्दल विचारा. तिसरं, प्रत्येक शाळेनं दर्शनी फळ्यावर एक आकडा लिहावा: आमच्या गावात पाणी इतक्या अंशाला उकळतं. तो मुलांनीच काढलेला असावा आणि दरवर्षी नव्या आठवीनं तपासून पाहावा.

व्याख्यानाआधीच एका पालकांनी विचारलं होतं, "एवढ्या दोन अंशांनी काय बिघडतं? चहा तर होतोच." चहा होतो. बिघडतं ते दुसरंच. तेरा वर्षांच्या मुलीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोडलं आणि सगळे म्हणतात ते लिहिलं. तिला तसं करायला कोणी धाक घातला नव्हता. ती हे विज्ञानाच्या तासाला शिकली, आमच्यासारख्यांच्या सह्यांखाली शिकली. पुढे ती परिचारिका होईल, हिशोबनीस होईल, पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बसेल. तिथेही तिच्यासमोर कधीतरी ९८ येईल आणि कागदावर १०० अपेक्षित असेल. त्या दिवशी तिनं काय लिहावं असं आपल्याला वाटतं?

त्या शाळेत आम्ही यंदा पुन्हा गेलो. मुलगी आता दहावीत आहे. तिची जुनी वही शाळेनं ठेवलेली नाही, वह्या रद्दीत गेल्या. पण त्या शिक्षकांनी प्रयोगशाळेच्या दाराशी खडूनं एक ओळ लिहिलेली होती: 'येथे पाणी ९८ अंशांना उकळते. विश्वास नसेल तर आत या.'

जाता जाता एक सूचना. आज घरी जाऊन कोणी चहाच्या आधणात ताप मोजायचं थर्मामीटर बुडवू नका, ते बेचाळीस अंशांपर्यंतचंच असतं आणि फुटेल. प्रयोगशाळेतलं आणा. आमच्याकडे पाच आहेत, बर्फात तपासलेले. ज्यांना हवे असतील त्यांनी नाव लिहून घेऊन जा. फुटलं तरी चालेल, फक्त काय रीडिंग आलं ते सांगा.